रोपण, चाचणी, ऐकणे : जैववैद्यकीय मराठी गद्याची एक समीक्षा

शास्त्रीय परिभाषेचा विचार मराठीत आजवर बहुधा एकाच अंगाने होत आला आहे. शब्द संस्कृतोद्भव असावा की इंग्रजीतून जसाच्या तसा उचलावा, तो सुटसुटीत आहे की बोजड, या वादात दोन-तीन पिढ्या खर्ची पडल्या. माधव ज्यूलियनांच्या 'भाषाशुद्धि-विवेका'पासून (१९३८) भाषा संचालनालयाच्या स्थापनेपर्यंत (१९६०) आणि तेथून आजतागायत, शब्द शुद्ध आहे काय आणि तो रूढ होईल काय, हेच दोन प्रश्न पुनःपुन्हा विचारले गेले. ज्याच्या कानी तो शब्द पडतो त्याला तो काय समजावयास आणि काय करावयास लावतो, हा तिसरा प्रश्न क्वचितच कोणी उपस्थित केला. भौतिकशास्त्रात ही उपेक्षा चालून जाते. विद्युत्‌भाराला कोणतेही नाव दिले तरी विद्युत्‌भार त्या नावाने फसत नाही. जैववैद्यकाची गोष्ट निराळी आहे. तेथे संशोधनाचा विषय असलेला माणूस स्वतः वाचतो, किंवा त्याला वाचून दाखविले जाते, आणि मग तो कागदावर सही अथवा अंगठा करतो. परिभाषा हा तेथे प्रयोगाच्या सामग्रीचाच भाग होतो.

या दृष्टीने आजच्या जैववैद्यकीय मराठीतील तीन शब्दांची तपासणी उद्‌बोधक ठरेल. त्यांपैकी पहिला 'रोपण'.

'इम्प्लांट' या शब्दासाठी मराठीत 'रोपण', 'आरोपण' आणि 'प्रत्यारोपण' असे तिन्ही शब्द सरमिसळ वापरले जातात. एकाच वृत्तपत्राच्या एकाच पानावर 'मूत्रपिंड प्रत्यारोपण' आणि 'गुडघा प्रत्यारोपण' शेजारी-शेजारी सुखाने नांदतात. पहिल्या प्रकारात दुसऱ्या माणसाचे जिवंत इंद्रिय देहात येते. दुसऱ्यात येते ती धातूची आणि प्लास्टिकची घडीव वस्तू. तिन्ही शब्दांच्या मुळाशी 'रुह्' हा धातू आहे. त्याचा अर्थ उगवणे, वाढणे. 'रोप', 'रोपटे' हे त्याच कुळातले. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी असलेली लॅटिन क्रियाही लावणीचीच आहे; तेव्हा दोष केवळ भाषांतरकाराच्या माथी मारता येत नाही. परंतु ज्या समाजात भाताची लावणी अजून डोळ्यांसमोर होते, त्या समाजात ही प्रतिमा इंग्रजीतल्याप्रमाणे मेलेली नाही. रोप लावले, ते रुजले, की ते आपले आपण वाढते. वाक्यात 'रोपण' आले की एवढी सगळी आश्वासने त्याच्याबरोबर न बोलता येतात.

एके ठिकाणी ही प्रतिमा अक्षरशः खरी ठरली, हे न्यायाच्या दृष्टीने नमूद केले पाहिजे. स्वीडनमधील संशोधक पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे १९५० नंतरच्या दशकात सशाच्या हाडातील रक्ताभिसरण पाहण्यासाठी टायटॅनियमच्या कुप्या वापरीत होते. प्रयोग संपल्यावर त्या कुप्या काढू गेले तर निघेनात. हाड धातूला बिलगून वाढले होते. या अनपेक्षित अडचणीतून १९६५ साली मानवी जबड्यातील पहिले टायटॅनियमचे दंतमूळ सिद्ध झाले. हे खरे रोपण. पण इतर साधनांच्या इतिहासाकडे पाहिले की शब्द अडखळू लागतो. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोमजवळ सेनिंग या शल्यविशारदाने एल्मक्विस्ट या अभियंत्याने बनविलेला पहिला पूर्णतः देहान्तर्गत पेसमेकर एका रुग्णाच्या शरीरात ठेवला. तो काही तासांतच बंद पडला. तो रुग्ण २००१ साली वयाच्या ८६ व्या वर्षी वारला, तोपर्यंत त्याच्या देहात एकामागून एक २६ यंत्रे बसविली गेली होती. सव्वीस वेळा लावावे लागणाऱ्या रोपाला कोणता शेतकरी रोप म्हणेल?

इंग्लंडमधील जॉन चार्न्ली यांचे उदाहरण याहून बोलके आहे. खुब्याच्या कृत्रिम सांध्यासाठी त्यांनी प्रथम टेफ्लॉनची वाटी वापरली. सुमारे तीनशे रुग्णांत ती बसविल्यानंतर ती झपाट्याने झिजते आणि झिजेचे कण भोवतालच्या पेशीसमूहात दाह उत्पन्न करतात, असे आढळले. चार्न्लींनी त्या पदार्थाचे, आणि त्याच्या जागी योजावयाच्या नव्या प्लास्टिकचे, नमुने स्वतःच्या मांडीत ठेवून घेतले आणि प्रतिक्रिया पाहिली. १९६२ साली पॉलिएथिलीनची वाटी आली आणि आजच्या सांधाबदलाचा पाया घातला गेला. प्रयोगकर्ता आणि प्रयोगविषय एकच असल्यामुळे तेथे परिभाषेचा प्रश्नच उद्भवला नाही. तो उद्भवतो तो या दोघांमध्ये अंतर पडल्यावर. धातूवर धातू घासणारा खुब्याचा एक सांधा २०१० साली उत्पादकाने जगभरातून परत घेतला. त्याच्या झिजेतून कोबाल्ट व क्रोमियम रक्तात उतरत होते. भारतात तो सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत वापरला गेला होता, आणि त्यांपैकी बहुसंख्य रुग्णांचा पुढे मागच लागत नाही, असे केंद्र शासनाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीच्या पाहणीत दिसून आले. याची कारणे अर्थातच शब्दांत नव्हेत, नोंदवह्यांत आणि कायद्याच्या ढिलाईत शोधावी लागतात. तरीपण आपल्या अंगात एका कारखान्यात बनलेली, अनुक्रमांक असलेली, परत घेता येण्याजोगी वस्तू आहे, ही जाणीव 'प्रत्यारोपण' हा शब्द रुग्णाला देत नाही, हे मान्य करावे लागते.

गंमत अशी, की बोलभाषेने हा प्रश्न केव्हाच सोडविला आहे. 'पेसमेकर बसवला', 'दात बसवला', 'गुडघ्याची वाटी बदलली' असे लोक म्हणतात. बसविलेली वस्तू सैल होऊ शकते, झिजू शकते, बदलावी लागते. आणि 'बसवणे' हे सकर्मक क्रियापद असल्याने ती बसविणारा कोणी तरी आहे, हेही त्यात गृहीत धरलेले असते. परिभाषाकारांनी या क्रियापदाला ग्राम्य समजून दूर ठेवले. ते अधिक काटेकोर होते, एवढाच त्याचा अपराध.

दुसरा शब्द 'चाचणी'. येथे प्रकरण अधिक गंभीर होते, म्हणून येथे थोडे थांबले पाहिजे.

'क्लिनिकल ट्रायल' याचे रूढ मराठी भाषांतर 'वैद्यकीय चाचणी' असे आहे. परंतु रक्ताची, लघवीची, थुंकीची जी तपासणी दवाखान्यात होते तिलाही मराठी माणूस 'चाचणी'च म्हणतो. 'तुमची वैद्यकीय चाचणी करावयाची आहे' हे वाक्य ऐकणाऱ्याला स्वाभाविकपणे वाटते, की आपल्याला काय झाले आहे हे शोधून काढावयाचे आहे. वस्तुतः शोधावयाचे असते ते औषधाला काय येते हे. संदिग्धता षष्ठी विभक्तीत आहे. 'लशीची चाचणी' या पदसमूहात लस ही चाचणीचे कर्म आहे. 'रुग्णाची चाचणी' यात रुग्ण. पण 'चाचणी'च्या मागचे षष्ठ्यन्त पद वगळले, आणि छापील कागदांत ते बहुधा वगळलेलेच असते, की वाचणारा आपल्याला सोयीचे पद तेथे भरून घेतो. आजारी माणसाला सोयीचे पद स्वतःचेच असते.

हा गैरसमज काही मराठीपुरता नाही. १९८२ साली ॲपेलबॉम आणि त्यांचे सहकारी यांनी मानसोपचाराच्या रुग्णांच्या अभ्यासातून त्याला एक नाव दिले. संशोधनातील प्रत्येक कृती आपल्या वैयक्तिक हितासाठीच योजलेली आहे, अशी सहभागी व्यक्तीची जी समजूत होते, तिला मराठीत 'उपचारभ्रांती' म्हणता येईल. ती समजूत नीट माहिती देऊनही टिकून राहते, हे त्या अभ्यासाचे मर्म होय. मग भाषाच तिला खतपाणी घालीत असेल तर ती किती फोफावेल, हे सांगणे नको.

दुसरा दोष क्रियापदाच्या प्रयोगात आहे. संमतिपत्रांच्या मराठीत 'आपणांस औषध देण्यात येईल', 'आपली माहिती गोपनीय ठेवण्यात येईल', 'आवश्यक ते उपचार पुरविण्यात येतील' अशा धाटणीची वाक्ये ओळीने येतात. '-ण्यात येणे' ही रचना शासकीय मराठीने लोकप्रिय केली. तिचा गुण असा, की तीत कर्ता सांगावा लागत नाही. आणि तिचा अवगुणही नेमका तोच. औषध कोण देणार? डॉक्टर देणार, की पाकिटावरील आकडा ठरविणार? 'डॉक्टर तुम्हांला औषध देतील' या कर्तरी वाक्यात एक माणूस दुसऱ्या माणसाकडे पाहून निर्णय घेतो. नियंत्रित चाचणीत तसे घडत नाही, किंबहुना तसे घडू नये म्हणूनच तिची सर्व रचना असते. हे सांगण्याची संधी कर्मणी रचनेने गमावली जाते. तिने खोटे सांगितले असे नव्हे. जे विचारले गेले असते ते विचारण्याची जागाच तिने बुजवून टाकली.

या रचनेचा आरंभबिंदू म्हणून ब्रिटनमधील स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीचा उल्लेख सर्वत्र होतो. तिचा वृत्तान्त ३० ऑक्टोबर १९४८ रोजी प्रसिद्ध झाला. क्षयाच्या १०७ रुग्णांपैकी ५५ जणांना विश्रांतीबरोबर नवे औषध मिळाले आणि ५२ जणांना केवळ विश्रांती. कोणाला काय, हे बंद पाकिटातील कार्डावर ठरलेले होते. सहा महिन्यांत पहिल्या गटातील ४ व दुसऱ्या गटातील १४ रुग्ण दगावले. युद्धोत्तर ब्रिटनमध्ये औषध इतके दुर्मिळ होते, की सर्वांना ते देणे शक्यच नव्हते. म्हणून ही विभागणी न्याय्य ठरविली गेली. त्या वृत्तान्तात एक गोष्ट अत्यंत निर्विकार स्वरात नोंदलेली आहे : दुसऱ्या गटातील रुग्णांना आपण एका विशेष अभ्यासातील नियंत्रण-गट आहोत हे रुग्णालयातील वास्तव्यात कधीच कळले नाही. न्यूरेंबर्गची संहिता त्याच्या आदल्याच वर्षी, १९४७ साली, सिद्ध झाली होती आणि तिचे पहिलेच कलम स्वेच्छासंमतीचे होते. एका वर्षाच्या अंतराने लिहिल्या गेलेल्या या दोन मजकुरांना परस्परांची गंधवार्ता नसावी असे वाचताना वाटते.

त्या पाकिटांवरून एक सूचना मात्र सुचते. 'रँडमायझेशन'साठी आपण 'यादृच्छिकीकरण' हा शब्द घडविला. तो व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे आणि कोणाही रुग्णाला कळणार नाही. 'चिठ्ठी टाकून ठरणे' ही रचना शाळकरी मुलालाही कळते, आणि ऐतिहासिकदृष्ट्या ती अगदी खरी आहे. तिच्यावर आक्षेप येईल तो असा, की त्यामुळे गांभीर्य कमी होते. औषधोपचारासारखी गोष्ट चिठ्ठीवर सोपविली आहे हे ऐकून रुग्ण बिचकेल. पण ती तशीच सोपविलेली असते. जे वास्तव ऐकून माणूस बिचकतो ते त्याला कळू नये म्हणून शब्द घडविणे हे परिभाषेचे काम नव्हे.

नावाने काय बिघडते, असे विचारणाऱ्यासाठी आपल्याच देशातील एक प्रकरण आहे. २००९ साली आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातेतील वडोदरा या जिल्ह्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस हजारो मुलींना टोचण्यात आली. मुलींचे वय १० ते १४. या उपक्रमाला 'चाचणी' न म्हणता 'प्रात्यक्षिक प्रकल्प' असे नाव दिले गेले. एप्रिल २०१० मध्ये तो स्थगित झाला. चौकशीत आंध्रातील ९,५४३ संमतिपत्रे पाहिली गेली, तेव्हा १,९४८ पत्रांवर अंगठे होते आणि २,७६३ पत्रांवर वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. लशीच्या गुणवत्तेचा हा प्रश्न नव्हे. त्या काळात झालेल्या मृत्यूंचा लशीशी संबंध जोडता येत नाही, असाच चौकशीचा निष्कर्ष होता. प्रश्न नावाचा होता. ऑगस्ट २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने आपल्या अहवालात हा प्रकार वस्तुतः चाचणीच होता, असे ठामपणे सांगितले. 'चाचणी' म्हटले की संमतीचे, विम्याचे, प्रतिकूल परिणामांच्या नोंदीचे नियम लागू होतात; 'प्रात्यक्षिक' म्हटले की प्रात्यक्षिक दाखविणारा आणि पाहणारा एवढेच उरतात. वर 'चाचणी' या शब्दावर इतके आक्षेप घेतल्यावर हेही कबूल केले पाहिजे, की वाईट शब्दसुद्धा त्या मुलींच्या बाजूने उभा राहिला असता.

२०१९ च्या नव्या नियमांनी संमतिपत्राच्या भाषेकडे थोडे लक्ष दिले आहे. मजकूर तांत्रिक नसावा, सहभागी व्यक्तीला समजेल असा असावा, असे त्यांत म्हटले आहे. आणि निरौषध गोळी वापरावयाची असेल तर तिचा उपचार म्हणून काही परिणाम होणार नाही, हे लेखी सांगण्याचे बंधन आहे. कायद्याने सक्ती केलेले हे वाक्य मराठीत कसे लिहावे? 'सदर भेषजाभासाचा कोणताही उपचारात्मक परिणाम संभवत नाही' असे लिहिता येईल, आणि नियमाचे पालन होईल. मराठीत रोगी औषधाबद्दल जे बोलतो ते असे बोलतो : 'गुण आला', 'गुण येत नाही', 'त्यांच्या हाताला गुण आहे'. तेव्हा 'या गोळीत औषध नाही. हिने गुण येणार नाही. तुम्हांला ही गोळी मिळेल की औषधाची, हे चिठ्ठीवर ठरेल आणि ते डॉक्टरांनाही ठाऊक नसेल', हे त्याचे भाषांतर होय. हे वाक्य लिहिण्यास कोणत्याही कोशाची गरज लागत नाही; थोडे धैर्य लागते.

तिसरा शब्द इंद्रियसंवेदनेच्या क्षेत्रातला. येथे प्रयोगविषय बोलू शकत नाही, त्यामुळे त्याची फसवणूक होत नाही. फसगत होते ती संशोधकाची. वेदान्तात ज्याला 'अध्यारोप' म्हणतात, म्हणजे जे नाही ते असलेल्यावर लादणे, त्याचे मूळही 'रुह्'च आहे हा योगायोग रंजक वाटतो. साहित्यशास्त्रात या व्यापाराला चेतनगुणोक्ती म्हणतात आणि कवीला ती माफ असते.

कार्ल फॉन फ्रिश यांच्या मधमाश्यांवरील संशोधनात हा मोह आणि त्यावरील संयम दोन्ही पाहावयास मिळतात. १९१४ च्या सुमारास त्यांनी मधमाश्यांना रंगभेद कळतो हे दाखविले, ते करड्या छटांच्या अनेक चौकोनांत एक निळा चौकोन ठेवून; साखरपाण्याची सवय लागलेली माशी बरोबर निळ्यावर येते. यावरून माशी भेद करते एवढेच सिद्ध होते. तिला निळे 'दिसते' कसे, याबद्दल एक अक्षरही सिद्ध होत नाही. १९२३ साली त्यांनी मधमाश्यांच्या 'भाषे'वर प्रबंध प्रसिद्ध केला. शीर्षकातील 'भाषा' या शब्दाला त्यांनी अवतरणचिन्हे घातली होती. त्या प्रबंधात गोल नाच मधासाठी आणि डोलता नाच परागासाठी, असा अर्थ लावला होता. तो चुकीचा निघाला. दोन नाच म्हणजे दोन शब्द, आणि दोन शब्द म्हणजे दोन वस्तूंची नावे, अशी नकळत कल्पना झाली असावी, असे मानण्यास जागा आहे. सुमारे वीस वर्षांनी फ्रिश यांनी स्वतःच ती चूक सुधारली. नाचाच्या सरळ फेरीचा उभ्या दिशेशी होणारा कोन सूर्याच्या संदर्भात अन्नाची दिशा सांगतो आणि फेरीचा कालावधी अंतर सांगतो, हे त्यांनी दाखविले. चूक आपल्याच हाताने खोडण्याचा हा मोठेपणा दुर्मिळ आहे. पण १९६५ च्या त्यांच्या ग्रंथाच्या शीर्षकात 'नृत्यभाषा' हा शब्द आला, तो अवतरणचिन्हांवाचून. चाळीस वर्षांत ती चिन्हे गळून पडली.

भाषाविज्ञानाच्या बाजूने या शब्दाची छाननी एमिल बाँव्हनिस्त यांनी १९५२ सालीच केली होती. मधमाशीच्या संदेशाला उत्तर येत नाही, उत्तर येते ते केवळ कृतीने. दुसरीने सांगितलेले ऐकून तिसरीला सांगणारी माशी आढळत नाही. आणि संदेशाचे घटक सुटे करून नव्याने जुळविता येत नाहीत. म्हणून ही भाषा नव्हे, संकेतव्यवस्था होय. १९६७ पासून वेनर यांनी निराळ्या बाजूने आक्षेप घेतला, की माश्या नाचावरून जातच नाहीत, गंधावरून जातात. तो वाद दीर्घकाळ चालला. २००५ साली रडारने माश्यांचा मार्ग प्रत्यक्ष टिपल्यावर नाचातील माहिती वापरली जाते हे निर्णायकपणे दिसले. फ्रिश यांचे शोध टिकले, त्यांचा शब्द टिकला नाही. मराठी शालेय पुस्तकी लेखनात मात्र 'मधमाश्यांची भाषा' निःशंकपणे नांदते.

मराठी व्याकरणाजवळ या ठिकाणी एक बारीक साधन आहे. 'माशी वळते' ही प्रथमा, 'माशीला दिसते' ही चतुर्थी. पहिले वाक्य नोंदवहीत लिहिता येते. दुसऱ्यातील चतुर्थी अनुभव घेणाऱ्याची आहे, आणि तो अनुभव आपण त्याला बहाल केलेला असतो. प्राण्यांच्या संवेदनांवरील मराठी लेखनात या चतुर्थीची मोजदाद केली तर लेखकाची शिस्त चटकन लक्षात येईल.

ज्या साधनात हे तिन्ही शब्द एकत्र येतात ते म्हणजे कानातील विद्युत्‌साधन, कॉक्लिअर इम्प्लांट. त्याची पूर्वतयारी प्राण्यांवर झाली. मांजराच्या श्रवणमज्जेला विद्युत्‌स्पंद दिल्यावर ते प्रतिसाद देते, हे नोंदविता येत होते. त्याला काय ऐकू येते, हे नव्हे. ते प्रथम सांगितले माणसाने. २५ फेब्रुवारी १९५७ रोजी पॅरिसमध्ये जूर्नो आणि एरिएस यांनी पूर्ण बहिऱ्या झालेल्या एका रुग्णाच्या श्रवणमज्जेशी विद्युत्‌वेटोळे जोडले. काय ऐकू येते असे विचारता त्याने दिलेले उत्तर दोन उपमांचे होते : रातकिड्याची किरकिर, आणि जुगारातल्या चक्राची करकर. सर्व यंत्रसामग्रीच्या शेवटी निष्कर्ष मोजण्याचे साधन म्हणून उपमाच हाती उरली होती. पुढे काही मोजके शब्द त्याला ओळखता आले.

१९७८ साली मेलबर्नमध्ये अनेकाग्री साधन प्रथम बसविले गेले, १९९० साली अमेरिकेत दोन वर्षांवरील मुलांसाठी त्याला मान्यता मिळाली, आणि लगोलग, १९९१ साली, तेथील मूकबधिरांच्या राष्ट्रीय संघटनेने लहान मुलांवरील या शस्त्रक्रियेला जाहीर विरोध केला. खुणांच्या भाषेत वाढणाऱ्या मुलाला आपण व्यंग असलेले समजतो की अल्पसंख्य भाषेचा वारसदार समजतो, असा तो प्रश्न होता. २००० साली संघटनेने आपली भूमिका सौम्य केली. भारतात बधिर बालकांसाठी हे साधन केंद्र शासनाच्या योजनेतून मिळू लागले ते २०१४ नंतर, आणि आता महाराष्ट्रातील खेड्यांतूनही आईबाप त्यासाठी शहरात येतात.

त्यांना सांगितले जाते, 'मूल ऐकू लागेल.' मराठीत 'ऐकू येणे' आणि 'ऐकणे' ही दोन क्रियापदे आहेत. पहिल्यात चतुर्थी आहे, 'मुलाला ऐकू येते'. आवाज येतो, मूल काही करीत नाही. दुसऱ्यात प्रथमा आहे, 'मूल ऐकते'. त्यात लक्ष देणे, समजणे, आणि घरगुती मराठीत आज्ञा पाळणेही आले. शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी यंत्र चालू केले जाते त्या दिवशी जे घडते ते पहिले. दुसरे घडावयास दररोजच्या वाचाप्रशिक्षणाची वर्षे लागतात, आणि ते किती घडेल हे मुलाच्या वयावर, घरातील बोलण्यावर, प्रशिक्षकाच्या उपलब्धतेवर अवलंबून असते. छापील पत्रकांत 'श्रवणक्षमता प्राप्त होते' असे लिहिलेले असते, आणि 'श्रवण' या संस्कृत शब्दात हा भेद दिसतच नाही. यंत्र चालू झाल्यावर मूल दचकून रडू लागते, पुष्कळ मुले रडतात, तेव्हा बाहेर बाकावर बसलेल्या आईला त्या रडण्याचा अर्थ आधी कोणत्या क्रियापदाने सांगितला गेला होता, यावर ती उद्या प्रशिक्षणाला परत येते की नाही हे पुष्कळसे ठरते.